हिम न पाहिलेल्या मुलांना शार्लोट काल्ला यांची ओळख कशी करून द्यावी

किनाऱ्यावरच्या गावांतील शाळांत आणि वाचनालयांत खेळाडूंची ओळख करून देण्याचे तास अधूनमधून होतात, पण त्यांत क्रिकेट, कबड्डी आणि फार तर धावण्याच्या शर्यती यांच्यापलीकडे सहसा कोणी जात नाही. मालवण तालुक्यातील एका गावच्या वाचनालयात मी शनिवारी दुपारी असा तास घेते आणि स्वीडनच्या निवृत्त क्रॉस-कंट्री स्कीपटू (म्हणजे पायांत स्की नावाच्या लांब पट्ट्या घालून हिमावरून शर्यत करणाऱ्या खेळाडू) शार्लोट काल्ला यांच्यावर मी तो आजवर अनेकदा घेतला आहे. ज्यांना हा विषय आपल्या मुलांपुढे मांडायचा असेल त्यांच्यासाठी तो कसा मांडावा, कशापासून सुरुवात करावी आणि काय टाळावे हे येथे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी काय करू नये ते सांगते, कारण ती चूक माझ्या हातून घडलेली आहे. पहिल्या वेळी मी फळ्यावर पदकांचा तक्ता काढला. ३ सुवर्ण आणि ६ रौप्य अशी ऑलिंपिकची ९ पदके, वर्षे २०१०, २०१४ आणि २०१८, असे सगळे व्यवस्थित मांडले, आणि तिसरी ओळ लिहून मागे वळले तेव्हा अर्धी मुले खिडकीबाहेर पाहत होती. त्यांचा दोष नव्हता. ज्या खेळात माणूस नेमके काय करतो हेच ठाऊक नाही, त्यातले सुवर्ण आणि रौप्य यांतला फरक मुलांच्या मनाला कसा भिडणार? म्हणून तक्ता शेवटी ठेवावा, आणि आरंभ एका अंतरापासून करावा, जे पायांनी मोजता येते. ते अंतर १६० मीटरांचे आहे. ते कोठून आले हे पुढे येईलच, पण त्यासाठी तयारी आदल्या दिवशीच करावी लागते.

तयारीत तीन गोष्टी येतात. पहिली म्हणजे दोन-तीन शर्यतींच्या चित्रफिती आधीच उतरवून ठेवाव्यात. आमच्याकडे ऐन शेवटच्या टप्प्यात वीज गेली आणि मुलांना निकाल माझ्या तोंडून ऐकावा लागला, तेव्हापासून मी पूर्ण चार्ज केलेला लॅपटॉप जवळ ठेवल्याशिवाय तास सुरू करत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे ओहोटीची वेळ पाहून ठेवावी. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास भरती दुपारी बाराच्या आतबाहेर येते, त्यामुळे संध्याकाळी पाच-साडेपाचला ओली, घट्ट पुळण मोकळी मिळते आणि तीवर चालणे व मोजणे सोपे जाते. तिसरी गोष्ट म्हणजे मासळी उतरवतात त्या धक्क्यावरून टोपलीभर फोडलेला बर्फ आणावा आणि बांबूच्या दोन लांब, लवचिक कामट्या काढून घ्याव्यात.

बर्फाची गरज शब्दामुळे पडते. आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे बर्फ म्हणजे सुरमई-बांगड्याच्या पेटीतला टणक तुकडा असतो, आणि त्यावरून माणूस घसरत जातो असे सांगितले की त्यांना फक्त पडणे दिसते. हिम हे भुसभुशीत असते, दाबले की बसते आणि ऊन लागले की मऊ होते, हे आधी सांगावे. मग एका कामटीच्या तळाला मेणबत्ती चांगली घासून दोन्ही कामट्या बारीक केलेल्या बर्फावरून ढकलाव्यात. मेण लावलेली कामटी पुढे सटकते हे मुलांना हाताला जाणवते, आणि स्कीच्या तळाला मेण का लावतात याचे निम्मे उत्तर तेथेच मिळते.

उरलेले निम्मे उत्तर अधिक रंजक आहे, आणि येथे थोडा वेळ खर्च करावा असे मला मनापासून वाटते. या खेळात नुसते उतारावरून खाली यायचे नसते, तर त्याच पट्ट्यांवर उभे राहून चढही चढायचा असतो, आणि स्वीडनमध्ये ज्याला क्लासिक पद्धत म्हणतात तीत दोन्ही पाय समांतर ठेवून चालल्यासारखे पुढे जायचे असते. मग चढावर माणूस मागे का घसरत नाही? स्की मधोमध किंचित कमानीसारखी वर उचललेली असते. कामटीला हलका बाक देऊन ती जमिनीवर ठेवावी आणि मधल्या भागाखाली वर्तमानपत्राचा कपटा सरकवावा. कामटी हलकेच दाबली तर कागद सहज ओढता येतो, पण पूर्ण भार टाकला की कागद अडकतो. स्कीच्या त्याच मधल्या भागाला चिकट मेण लावलेले असते. खेळाडू एका पायावर सगळा भार टाकतो तेव्हा तो भाग हिमात रुतून धरतो, आणि भार काढला की सुटतो. चिकट मेण म्हणजे काय हे सांगायला आपल्याकडे फणसाचा चीक आहेच. तो बोटाला लावून दाखवावा. बर्फाच्या ओल्या तुकड्यांवर तो धरत नाही, म्हणून तेथे प्रयोग करू नये.

दुसरी पद्धत मुक्त शैलीची. तीत पाय तिरके बाहेर ढकलत जायचे असते, चिकट मेण लागत नाही, आणि वेग अधिक मिळतो. शाळेचे पायमोजे घालून गुळगुळीत फरशीवर चार पावले टाकायला सांगितली की मुलांना ही हालचाल आपोआप साधते. दोन्ही पद्धतींत हातातल्या काठ्या रोवून अंग पुढे ढकलायचे असते, आणि याचे उदाहरण शोधण्यासाठी लांब जावे लागत नाही. खाडीच्या उथळ पाण्यात बांबू तळाला रोवून, त्यावर सगळे अंग टाकून होडी पुढे लोटणारा माणूस मुलांनी रोज पाहिलेला असतो. त्याचे खांदे, पोट आणि कंबर एकाच वेळी कशी कामाला लागतात हे आठवायला सांगावे, आणि मग काल्ला यांची चित्रफीत आवाज बंद करून दोन मिनिटे दाखवावी. आवाज बंद ठेवण्याचे कारण असे की समालोचनाच्या गलबल्यात मुले निकालाकडे पाहू लागतात आणि हालचालीकडे त्यांचे लक्ष राहत नाही.

नावाविषयी दोन शब्द. उच्चार शार्लोट काल्ला असा करावा. ‘काल्ला’ ऐकल्यावर जत्रेतला दशावतारी दहीकाला आठवून वर्गात खसखस पिकतेच, आणि ती पिकू द्यावी, कारण त्यानंतर ते नाव कोणीही विसरत नाही. स्वीडिश भाषेत थंड या अर्थाच्या शब्दाचे एक रूपही ‘काल्ला’ असेच आहे, हेही मुलांना आवडते.

आता गाव. काल्ला यांचा जन्म २२ जुलै १९८७ चा, आणि त्या स्वीडनच्या अगदी उत्तरेकडील टॅरेन्डो या लहानशा गावच्या. हे गाव आर्क्टिक वृत्ताच्याही वर आहे, आणि ऐन हिवाळ्यात तेथे सूर्य दुपारी क्षितिजाला जेमतेम टेकून पुन्हा नाहीसा होतो. नकाशावर गाव दाखवताना तेथील नदीविषयी अवश्य बोलावे. टोर्ने नावाच्या मोठ्या नदीला तेथे एक फाटा फुटतो, आणि तिचे निम्म्याच्या आसपास पाणी टॅरेन्डो नदीतून वाहत जाऊन कालिक्स नावाच्या दुसऱ्याच नदीला मिळते. नदी दुभंगून तिचे पाणी दुसऱ्या नदीला जाऊन मिळावे, असे जगात फार थोड्या ठिकाणी एवढ्या मोठ्या प्रमाणावर घडते. खाडीकाठच्या मुलांना ही गोष्ट पदकांपेक्षा अधिक लक्षात राहते, आणि गाव लक्षात राहिले की त्या गावची माणसेही परकी वाटत नाहीत. त्या भागात स्वीडिशबरोबर फिनिशशी नाते सांगणारी म्येनकिएली ही बोली बोलली जाते, आणि २००० सालापासून स्वीडनमध्ये तिला अल्पसंख्याक भाषा म्हणून अधिकृत मान्यता आहे. घरी मालवणी आणि शाळेत प्रमाण मराठी बोलणाऱ्या मुलांना या वाक्याचा अर्थ उलगडून सांगावा लागत नाही.

आता पुळणीवर जावे. येथून पुढचा भाग हा या तासाचा गाभा आहे, आणि त्याला घाई करू नये.

१५ फेब्रुवारी २०१४ रोजी रशियातील सोची येथे स्त्रियांची ४ गुणिले ५ किलोमीटरची रिले शर्यत झाली. पहिल्या दोघींनी क्लासिक पद्धतीने आणि नंतरच्या दोघींनी मुक्त शैलीने जायचे होते. स्वीडनकडून इडा इंगेमार्सडोटर, एमा विकेन आणि अॅना हाग यांच्यानंतर शेवटचा टप्पा काल्ला यांच्याकडे आला तेव्हा फिनलंड आणि जर्मनीच्या खेळाडू २५ सेकंदांहून अधिक पुढे निघून गेल्या होत्या. दोन झेंडे घ्यावेत, एक येथे रोवावा, आणि मोजपट्टीने किंवा पावलांनी १६० मीटर मोजून दुसरा तेथे रोवावा. त्या शर्यतीचा सरासरी वेग सेकंदाला सव्वासहा मीटरांच्या आसपास होता, म्हणून २५ सेकंद म्हणजे सुमारे एवढे अंतर. एक मूल दुसऱ्या झेंड्यापाशी उभे करावे आणि बाकीच्यांना येथून त्याच्याकडे पाहायला सांगावे. सदऱ्याचा रंग दिसतो, चेहरा ओळखू येत नाही. एवढ्या दूरच्या पाठीमागे आपल्याला धावायचे आहे, आणि गाठण्यासाठी केवळ ५ किलोमीटर उरले आहेत, हे तेथे उभे राहून सांगितले की मुले गप्प होतात.

मग हिशेब करावा. ५००० मीटरांत १६० मीटर भरून काढायचे म्हणजे पुढच्याने १०० पावले टाकली असता आपण त्याच वेळात १०३ हून थोडी अधिक पावले टाकायची. दोन मुलांना शेजारी शेजारी उभे करून एकाला झपाझप १०० पावले चालायला लावावे आणि दुसऱ्याला तेवढ्याच वेळात १०३ पावले टाकायला सांगावे. पहिल्यांदा सगळे म्हणतात, एवढेच ना! सोपे आहे. नंतर हेच सलग पाच वेळा करवावे. आमच्या वाचनालयातली एक सातवीतली मुलगी पाचव्या वेळेनंतर वाळूत बसली आणि म्हणाली, ‘‘बाई, तीन पावलां लय असतंत.’’ काल्ला यांना हे सुमारे तेरा मिनिटे, ऊन लागून मऊ झालेल्या हिमावर, आधीच पूर्ण वेगाने जात असताना करायचे होते.

त्यांनी ते केले. शेवटच्या भागात त्या दोघींच्या पाठीला लागल्या, आणि मैदानातल्या सरळ पट्ट्यात त्यांना मागे टाकून पुढे गेल्या. स्वीडनची वेळ ५३ मिनिटे २.७ सेकंद, फिनलंडची ५३ मिनिटे ३.२ सेकंद आणि जर्मनीची ५३ मिनिटे ३.६ सेकंद. जवळजवळ तासभर चाललेल्या शर्यतीत तीन देश एका सेकंदाच्या आत आले. अर्धा सेकंद म्हणजे किती, हे टाळी वाजवून दाखवावे, आणि ही चित्रफीत मात्र आवाज मोठा करून दाखवावी.

काल्ला यांची लोकप्रियता समजावून सांगण्यासाठीही याच शर्यतीचा आधार घ्यावा. स्वीडनच्या स्त्रियांनी त्यापूर्वी रिलेचे सुवर्णपदक १९६० साली जिंकले होते. मुलांना गृहपाठ द्यावा, की घरात १९६० च्या सुमारास जन्मलेले कोण आहे ते विचारून यायचे. आजी येते, आजोबा येतात, आणि ५४ वर्षे म्हणजे केवढा काळ हे त्या चेहऱ्यांवरून कळते. वैयक्तिक शर्यतीचेही असेच. २०१० साली कॅनडातील व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये काल्ला यांनी १० किलोमीटरची मुक्त शैलीची शर्यत जिंकली, तेव्हा १९६८ सालच्या टोइनी गुस्ताफसन यांच्यानंतर प्रथमच एखाद्या स्वीडिश स्त्रीला या खेळात वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण मिळाले. एखाद्या खेळाडूवर लोकांचे इतके प्रेम का जडते, याचे उत्तर पदकांच्या संख्येत जितके असते तितकेच त्या पदकाची वाट किती जणांनी किती वर्षे पाहिली यातही असते, असे माझे मत आहे.

त्या २०१० च्या शर्यतीत एक अडचण येते, तीही आधी सोडवावी. त्यात खेळाडू एकत्र सुटत नाहीत. एकामागून एक, ठरावीक अंतराने, प्रत्येकी ३० सेकंदांनी निघतात, आणि प्रतिस्पर्धी समोर दिसतच नाही, फक्त घड्याळ दिसते. मुलांना शाळेभोवती अशाच एकेक फेऱ्या मारायला लावाव्यात आणि वेळा वहीत नोंदवाव्यात. शेवटचा येईपर्यंत कोण जिंकले हे कोणालाच कळत नाही, तेव्हा त्यांना ही शर्यत कळते. काल्ला यांनी २४ मिनिटे ५८.४ सेकंदांत अंतर संपवले, आणि एस्टोनियाच्या क्रिस्टिना श्मिगुन त्यांच्यापेक्षा ६.६ सेकंदांनी मागे राहिल्या.

याहून आधीची, २००८ च्या जानेवारीतली गोष्ट पाखाडीवर सांगण्याजोगी आहे. टूर दे स्की ही अनेक टप्प्यांची स्पर्धा असते, आणि तिचा शेवट इटलीतील आल्पे चेर्मिस या डोंगरावर होतो. एरवी लोक ज्या उतारावरून खाली घसरत येतात त्याच उतारावर खेळाडूंना खालून वर चढायचे असते, आणि काही ठिकाणी तो २८ टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर २८ मीटर वर. आपला घाटरस्ता इतका उभा नसतो. समुद्रावरून वाडीत वर येणारी जांभ्याची पाखाडी हेच जवळचे उदाहरण, म्हणून मुलांच्या हातात चिव्याच्या दोन-दोन काठ्या देऊन ती एकदा न थांबता चढवावी आणि वर पोहोचल्यावर, त्यांना धाप लागलेली असतानाच, गोष्ट सांगावी. फिनलंडच्या विर्पी कुइटुनेन या आदल्या वर्षीच्या विजेत्या पुढे होत्या, वीस वर्षांच्या काल्ला मागून आल्या, चढावर त्यांना गाठून पुढे गेल्या आणि संपूर्ण स्पर्धा जिंकल्या. स्वीडनमध्ये त्यांचे नाव घरोघरी पोहोचले ते या चढामुळे.

रौप्यपदकांविषयी बोलताना अनेक शिक्षक संकोचतात, जणू ती सुवर्ण हुकल्याची खूण आहे. तसे करू नये. २०१४ मध्ये १० किलोमीटरच्या क्लासिक शर्यतीत त्यांच्या पुढे राहिलेल्या पोलंडच्या युस्टिना कोवाल्चिक पायाचे हाड मोडलेले असताना धावल्या होत्या, आणि त्याच सोचीत स्कीअॅथलॉनमध्ये, म्हणजे अर्धे अंतर क्लासिक आणि अर्धे मुक्त शैलीने जायच्या शर्यतीत, त्यांच्यापुढे नॉर्वेच्या मारित ब्योर्गेन होत्या, ज्यांच्या नावावर हिवाळी ऑलिंपिकमधली सर्वाधिक, म्हणजे १५ पदके आहेत. अशा माणसांच्या मागे दुसरे येणे म्हणजे काय, हे मुलांना नीट कळते, फक्त पहिल्या आलेल्या माणसाचीही गोष्ट सांगावी लागते. आणि मग २०१८ कडे यावे. दक्षिण कोरियातील प्योंगचांग ऑलिंपिकचे पहिलेच सुवर्णपदक स्कीअॅथलॉनचे होते. साडेसात किलोमीटर क्लासिक, मध्येच स्की बदलून साडेसात किलोमीटर मुक्त शैली. या वेळी काल्ला शेवटच्या टप्प्यात एकट्या सुटल्या, आणि ब्योर्गेन दुसऱ्या आल्या. त्याच ऑलिंपिकमध्ये त्यांना आणखी तीन रौप्यपदके मिळाली.

मायदेशी मिळवलेला विजय थोडक्यात सांगितला तरी चालेल. २०१५ साली स्वीडनमधील फालुन येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत १० किलोमीटरची शर्यत त्यांनी हिमवर्षावात, दुसऱ्या आलेल्या अमेरिकेच्या जेसी डिगिन्स यांच्यापेक्षा तब्बल ४१ सेकंदांनी जिंकली.

लोकप्रियता सांगताना ‘स्वीडनचा सचिन’ अशा तुलना टाळाव्यात, कारण त्यांनी मुलांच्या डोळ्यांपुढे सचिनच येतो आणि काल्ला मागे राहतात. त्याऐवजी त्या देशात या खेळाचे स्थान काय आहे ते दाखवावे. दर वर्षी मार्चच्या पहिल्या रविवारी सालेनपासून मोरापर्यंत ९० किलोमीटरची वासालोपेत ही शर्यत होते. १९२२ पासून ती सुरू आहे आणि हजारो सामान्य माणसे, कारकून, शेतकरी, आजोबा, तीत उतरतात. वाटेत त्यांना ब्लूबेरीचे गरम सूप दिले जाते, जसे आपण उन्हातून आलेल्या पाहुण्याला कोकमाचे सरबत देतो. ज्या देशात इतकी माणसे स्वतः स्की पायांत घालून दिवसभर चालतात, तेथे शेवटच्या ५ किलोमीटरांत १६० मीटर भरून काढणे म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. बघणाऱ्याला स्वतःच्या मांड्यांत ते जाणवते. आपल्या मुलांना पुळणीवर चालवायचे ते एवढ्याचसाठी.

शेवटी प्रश्न येतात. त्या आता काय करतात, हा पहिला प्रश्न. त्याला एवढेच उत्तर द्यावे की बीजिंग ऑलिंपिकनंतर, मार्च २०२२ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी त्यांनी निवृत्ती जाहीर केली. दुसरा प्रश्न हमखास येतो, की आपल्याकडून कोणी जाते का. जाते. २०१० मध्ये ताशी लुंडुप, २०१४ मध्ये नदीम इक्बाल आणि २०१८ मध्ये जगदीश सिंह यांनी भारताकडून ऑलिंपिकमध्ये या खेळातली १५ किलोमीटरची शर्यत केली, आणि आपल्या देशात गुलमर्ग व औली येथे स्कीइंग शिकता येते. ही नावे फळ्यावर लिहावीत. त्यांच्याखाली, आता, तो पदकांचा तक्ता काढावा, आणि सोचीच्या ओळीपुढे मुलांनाच अंतर भरायला सांगावे.

झेंडे मात्र भरती चढण्याआधी आठवणीने उपटून आणावेत. मागच्या वेळी लांबचा एक तेथेच राहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीन मुली तो शोधायला गेल्या. झेंडा सापडला नाही, तेव्हा त्यांनी पावलांनी पुन्हा १६० मीटर मोजून तेथे एक माडाची झावळ रोवली होती.